गरम झाली की बंद पडते: जुन्या टू-स्ट्रोकची उन्हाळ्यातली तपासणी, घरच्या घरी

पाना_पक्कड (धागाकर्ता)

एप्रिल लागला की सोलापुरात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची एकच तक्रार सुरू होते. सकाळी दुसऱ्या किकला चालू, सात रस्त्यापर्यंत व्यवस्थित, विजापूर रोडला लागून जरा ताणली की पिकअप जातो, मिसिंग सुरू होतं आणि गाडी बंद. अर्धा तास सावलीत उभी केली की परत चालू. यावर सर्रास सांगितला जाणारा इलाज म्हणजे "ब्लॉक-पिस्टन करून टाका". बऱ्याचदा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, ठीकच असतो. खर्च होतो आणि दोष जागेवर राहतो. म्हणून आधी मोजायचं, मग खोलायचं. त्याचा क्रम इथे लिहितोय. उदाहरणं जावा-येझदी २५० ची घेतलीत, राजदूत १७५ ला वेगळं असेल तिथे तसं सांगतो.

बंद पडल्या जागची पहिली दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, कारण इंजिन गार झालं की दोष लपतो. सोबत प्लग पाना, चांगला चालणारा एक जास्तीचा प्लग आणि फडकं असू द्या.

पहिलं टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. आपल्याकडच्या धुळीने ते सहज बुजतं. झाकण पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा, तारेने भोक मोकळं करा.

झाकण ठीक असेल तर प्लग काढा. ओला आहे की कोरडा, बघून घ्या. जास्तीचा प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी हेडच्या पाकळीला, म्हणजे इंजिन गार करणाऱ्या कंगोऱ्याला, टेकवा, पण उघड्या भोकापासून लांब. किक मारताना तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेट घेते. आता किक मारून ठिणगी बघा. निळी, जाड आणि 'टक' असा आवाज करणारी असेल तर करंट ठीक. पिवळी, बारीक किंवा गायब असेल तर दोष विजेचा. ठिणगी चांगली पण प्लग कोरडा, तर पेट्रोल पोचत नाही. ठिणगी चांगली आणि प्लग ओला असेल तर फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगा), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि कॉम्प्रेशन बघायचं.

विजेच्या दोषात पहिला संशयित कंडेन्सर, म्हणजे प्लॅटिनमला (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना) जोडलेला कपॅसिटर. जावाला तो डायनॅमोच्या प्लेटवरच बसतो, म्हणजे इंजिनाची सगळी उष्णता खातो. त्याचं माप ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या आसपास हवं. गार असताना मीटर बरोबर आकडा दाखवतो, पण ७०-८० अंशांला आतलं इन्सुलेशन गळायला लागतं. म्हणून तो काढून हेअर ड्रायरने चांगला तापवा आणि मग मीटर मेगाओहमवर ठेवून मोजा. चांगला कंडेन्सर आकडा वर चढवत नेतो आणि उघड्या सर्किटइतका दाखवतो. खराब असेल तर आकडा खालीच थांबतो. प्लॅटिनमही साक्ष देतं: एका टोकाला खड्डा, समोरच्यावर टेंगूळ, कडा निळ्या-काळ्या, आणि चालू गाडीत तिथे मोठी पिवळी ठिणगी.

बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरवर माझा भरवसा नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर मिळतो. त्याचं एक टोक कॉईलवर, प्लॅटिनमची वायर येते त्या टर्मिनलला, आणि दुसरं चासीला. जागा टाकीखाली कॉईलजवळ, इंजिनापासून लांब. जुना कंडेन्सर सर्किटमधून काढून टाकायला विसरू नका, तो आतून शॉर्ट झाला तर नवीन असूनही करंट मिळणार नाही.

मग प्लॅटिनम. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने टोकं सपाट करा, पेट्रोलमध्ये भिजवलेलं जाड कार्ड मधून ओढून पुसा. नव्या प्लॅटिनमवर तेलाचा थर असतो, तोही पुसावा लागतो. कॅम सगळ्यात उंच असताना फटीत ०.४ मिमीचा फिलर गेज किंचित घासत जायला हवा. कॅमला टेकणाऱ्या फायबरच्या टाचेला ग्रीसचा एक ठिपका द्या. ते नसेल तर टाच झिजते, फट कमी होते आणि टायमिंग मागे जातं. मागे गेलेलं टायमिंग इंजिन तापवतं. म्हणून क्रम कायम हाच: आधी फट, मग टायमिंग. उलटं केलं तर फट लावताना टायमिंग पुन्हा हलतं.

टायमिंग: जावा २५० ला पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ३ ते ३.५ मिमी आधी प्लॅटिनम उघडायला हवं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा माना. प्लगचं भोक तिरकं असेल तर त्यातून व्हर्निअर घालून घेतलेलं माप खोटं येतं. हेड काढून डेप्थ गेजने मोजा. उघडण्याचा क्षण डोळ्यांनी ठरवू नका. प्लॅटिनमचं टर्मिनल आणि चासी यांच्यामध्ये ६ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा, चावी चालू करा. प्लॅटिनम बंद असताना बल्ब विझलेला, उघडलं की पेटतो. इंजिन चालीच्या दिशेनेच फिरवा, म्हणजे दातऱ्यातला ढिलेपणा मापात येत नाही. राजदूतचं प्लॅटिनम मॅग्नेटच्या चाकाखाली असतं, फिलर गेज चाकातल्या खिडकीतून घालायचा. चाक काढायचं झालं तर पुलरनेच. हातोडा मारला तर क्रँक वाकते.

पेट्रोलचा दोष असेल तर कॉकची पाईप कार्बोरेटरपासून काढून मापाच्या बाटलीत एक मिनिट धरा. ताशी ६० च्या वेगात लिटरला ३० किमी धरलं तर गाडीला तासाला २ लिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३३ मिली लागतं. तरी धार मिनिटाला १५० मिलीच्या खाली असेल तर कॉक साफ करा. खालच्या पातळीला, हादऱ्यात आणि उष्णतेत तीच धार आणखी बारीक होते. पाईप सिलिंडरच्या पाकळ्यांना चिकटून जात असेल तर मार्ग बदला. कार्बोरेटर आणि ब्लॉकमधला फायबरचा जाड तुकडा कुणी काढून नुसतं पॅकिंग घातलं असेल तर तो परत बसवा. तो कार्बोरेटरला उष्णतेपासून वाचवतो.

---

होटगीरोडकर

उत्तम लिहिलंय. कॉईलची भर घालतो. ६ व्होल्टच्या कॉईलचा प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडच्या वेढ्याचा रोध, साधारण १ ते २ ओहम असतो, १२ व्होल्टच्या कॉईलचा ३ ते ४. दुकानात विचारलं तर दोन्ही "जावाला बसतं" म्हणून देतात. ६ व्होल्टच्या गाडीवर १२ ची कॉईल बसवली की गार असताना कशीबशी चालते, तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो आणि ठिणगी मरते. तेव्हा मीटर लावून घ्या. सेकंडरी, म्हणजे प्लगकडचा वेढा, ५ ते १० किलोओहमच्या आसपास दिसायला हवी. हेही मोजमाप कॉईल तापलेली असतानाच करा.

दुसरं, बॅटरी. डायनॅमोच्या गाडीला ठिणगी बॅटरीतून मिळते. उभ्या गाडीत ६.३ व्होल्टच्या आसपास आणि रेस दिल्यावर ७ च्या वर दिसलं तर चार्जिंग ठीक. रेस देऊनही ६.३ वरच अडकलं तर कार्बन ब्रश आणि कम्युटेटर बघा. कम्युटेटरच्या पट्ट्यांमधल्या खाचांत कार्बनची पूड भरते, ती हॅक्सॉच्या घासलेल्या पातळ पात्याने काढायची. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच. आपलं बोअरचं पाणी किती जड आहे ते गिझरच्या कॉईलवर दिसतंच.

---

रोडकिंग_जुळे_सोलापूर

दादा, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. येझदी रोडकिंग. कंडेन्सर, प्लॅटिनम, कॉईल नवीन. ठिणगी निळी. गार असताना ठीक. तापली की आयडलिंग आपोआप वाढतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, आणि मग पिकअप जातो. प्लगचं टोक पांढरं. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) एक नंबर वाढवून पाहिला, फरक किरकोळ. कार्बोरेटर बदलू का?

---

पाना_पक्कड

@रोडकिंग, कार्बोरेटरला हात लावू नका अजून. रेस आपोआप वाढणं आणि प्लग पांढरा, ही बाहेरची हवा ओढल्याची खूण आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, पिस्टन वर जाताना तिथे निर्वात होतो. कुठेही फट असेल तर कार्बोरेटरला वळसा घालून कोरडी हवा आत येते. त्या हवेत पेट्रोल नाही आणि ऑईलही नाही. असंच रेटलं तर पुढची पायरी पिस्टन धरण्याची, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होण्याची.

आधी सोपं बघा: आयडलिंगवर कार्बोरेटरच्या फ्लँजवर आणि ब्लॉकच्या तळाच्या पॅकिंगवर थोडा थोडा कार्बोरेटर क्लीनर फवारा. सायलेन्सर तापलेला असतो, त्यामुळे तिथून लांब आणि अगदी थोडा. रेस बदलली तर गळती तिथेच. बदलली नाही तर क्रँकची ऑईल सील. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर हवा येते, प्लग पांढरा. प्रायमरी चेनच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑईल ओढलं जातं: धूर वाढतो, प्लग काळा आणि तेलकट, गिअरबॉक्सची पातळी उतरते. तुमची लक्षणं डायनॅमो बाजूची आहेत.

खात्री करायला प्रेशर टेस्ट घ्या, घरी होते. लागतं ते असं: डायलवालं रक्तदाब मोजायचं यंत्र (पट्टा काढून नुसता फुगा, नळी आणि डायल), जुन्या ट्यूबचं रबर, ३ मिमीच्या पत्र्याच्या पट्ट्या, आणि जुना प्लग. प्लगचं चिनी मातीचं अंग फोडून काढा आणि त्या पोकळीत नळी बसेल असा पितळी तुकडा झाळून घ्या.

कार्बोरेटर काढून तिथे रबर आणि पट्टी आवळा. एक्झॉस्टची दोन्ही तोंडं तशीच बंद करा. येझदीला दोन पाईप आहेत, एक विसरलात तर टेस्ट फुकट. पिस्टन खालच्या टोकाला आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून सिलिंडर आणि क्रँककेस एक होतात. आता फुग्याने २५० मिमी पाऱ्यापर्यंत दाब द्या, हे सुमारे ४.८ पीएसआय झाले. यापेक्षा वर नेऊ नका, जास्त दाबाने चांगलं सीलही उलटतं. मिनिटाभरात ५० मिमीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशने लावा: आधी स्वतःच्या नळीच्या जोडांवर, मग हेड, ब्लॉकचा तळ, क्रँककेसचा मधला जोड, शेवटी डायनॅमो काढून त्यामागच्या सीलवर. प्रायमरी बाजूचं सील दिसत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सचा ऑईल भरायचा बोल्ट काढून भोकावर साबणाचा पापुद्रा धरा. तो फुगला तर ते सील गेलं.

---

पूर्वभागकर

बंद करायच्या पट्ट्या आणि प्लगचा अ‍ॅडॅप्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाची कामं करणारे लेथवाले करून देतात. नमुना म्हणून जुनं पॅकिंग न्या, बोल्टची भोकं त्यावरून बरोबर येतात.

सील आणताना गाडीचं नाव सांगू नका, माप सांगा. शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, याच क्रमाने जुन्या सीलवर छापलेलं असतं. काळं नायट्राईल नको, तपकिरी व्हायटॉन मागा. उष्णता आणि आताचं पेट्रोल दोन्ही ते जास्त सोसतं. बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. शाफ्टवर चावीची खाच किंवा आटे असतील तर त्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळून मगच सील सरकवा. खाचेच्या धारेने सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, कापला गेला तर नवीन सीलही पहिल्याच दिवशी गळतं.

आणि क्रँकचं बेअरिंग हलत असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही. डायनॅमोच्या टोकाला धरून क्रँक वर-खाली हलवा. हाताला ढिलेपणा जाणवला तर बेअरिंगही घ्या, आणि ते सी३, म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त फटीचं, घ्या. साधं बेअरिंग गरम इंजिनात आवळतं. बेअरिंग ठोकून बसवू नका. ओव्हनमध्ये केस १०० अंशांपर्यंत तापवली की बेअरिंग स्वतःच्या वजनाने बसतं.

---

कास्ट_आयर्न_३५०

थोडं विषयांतर. बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन. दोन-तीन महिने उभी राहिली की चालू करताना पांढरा-निळा धूर भरपूर, पाच मिनिटांनी जातो. रिंग गेल्या म्हणायच्या का? टॅपेटही जरा वाजतात.

---

होटगीरोडकर

रिंगचा धूर पाच मिनिटांनी जात नाही ओ. उभ्या गाडीत ऑईल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये साठतं. चालू करायच्या आधी क्रँककेसचा ड्रेन बोल्ट काढा, साठलेलं ऑईल भांड्यात घ्या, गाळून ऑईलच्या टाकीच्या बाजूला परत ओता. डीकॉम्प्रेशन दाबून आठ-दहा किक सावकाश मारा, मग चालू करा. पातळी बघायची ती इंजिन थोडा वेळ चालवून बंद केल्यानंतर. उभ्या गाडीत डिपस्टिक कमी दाखवते म्हणून वर ओतलं की तेच ऑईल ब्रीदरमधून बाहेर पडतं.

टॅपेट: इंजिन पूर्ण गार, म्हणजे रात्रभर उभं. कॉम्प्रेशनच्या वेळी पिस्टन वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुशरॉडचं झाकण काढा. रॉड दोन बोटांनी सहज फिरायला हवा, पण वर-खाली हलायला नको. खालचा नट सैल करून अ‍ॅडजस्टर फिरवा, आवळून पुन्हा तपासा, कारण आवळताना तो फिरतो. थोडा आवाज परवडतो. घट्ट टॅपेटने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि तो आवाज न करता जळतो.

या गाडीलाही प्लॅटिनम आहे. फट ०.३५ ते ०.४० मिमी, आणि टायमिंग पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिमी आधी, अ‍ॅडव्हान्सची वजनं (रेस वाढली की टायमिंग पुढे नेणारी) मिटलेली असताना. उघडण्याचा क्षण अ‍ॅमीटरवर दिसतो: चावी चालू, दिवे बंद, प्लॅटिनम उघडलं की काटा शून्यावर येतो. आटे जुन्या इंग्लिश मापाचे आहेत, मेट्रिक पान्याने नटांचे कोपरे गोल होतात.

---

मोहोळचा_ऊस

मेन जेट वाढवायचा विषय निघाला म्हणून विचारतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतोय, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गाडीला नक्की काय करायचं? कुणी म्हणतं पाणी घालून इथेनॉल वेगळं करा.

---

पाना_पक्कड

पाणी घालून वेगळं करू नका. ऑक्टेन उतरतो, पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो आणि उरलेलं मिश्रण टाकायचं कुठे हा प्रश्न वेगळाच.

हिशोब असा. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी लावलेल्या जेटवर गाडी सुमारे ७ ते ८ टक्के पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रणावर चालते. दुसरीकडे उन्हाळ्यात ४३ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ६ टक्के विरळ असते आणि त्यामुळे मिश्रण ३ टक्क्यांच्या आसपास दाट होतं. दोन्ही एकमेकांना पुरते भरून काढत नाहीत, आणि जानेवारीच्या पहाटे, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, हवा थंड आणि घट्ट असताना गाडी सगळ्यात पातळ चालते. म्हणून सेटिंग थंडीत तपासा.

आधी सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा. त्याने सुई वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. पूर्ण रेसला कमी पडत असेल तरच मेन जेट एक नंबर मोठा. मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसमध्ये थोडं अंतर काढून चावी बंद आणि क्लच एकदम, बाजूला थांबून प्लग बघा. चॉकलेटी रंग हवा. आयडलिंगवर घरी आणून पाहिलेला प्लग काहीच सांगत नाही.

टू-स्ट्रोकला एक वेगळा धोका आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर होतो आणि ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. कॉक तळातून ओढतो, म्हणजे इंजिनाला बिनऑईलचं पाणी-अल्कोहोल मिळतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करा. कॉकमधलं बुचाचं सील मात्र कोरडं पडलं की आक्रसतं आणि गळतं, तिथे व्हायटॉनची ओ-रिंग घाला. पेट्रोलची पाईपही त्याच प्रतीची.

ऑईलचं प्रमाण कमी करू नका. जुनं प्रमाण ४ टक्के, लिटरला ४० मिली. आजचं जेएएसओ या जपानी मानकातल्या एफसी किंवा एफडी प्रतीचं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑईल) वापरलं तर ३३ मिलीपर्यंत येता येतं. पिस्टन पिनला ब्राँझ बुश असलेल्या इंजिनाला त्याच्या खाली मी जाणार नाही. आणि ऑईल वाढवून गाडी थंड राहील असंही समजू नका: ऑईल जितकं जास्त तितकं जेटमधून पेट्रोल कमी, मिश्रण आणखी पातळ.

---

बार्शी_नाका

प्लगवरून एक. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे बी८एचएस हा बी७एचएसपेक्षा थंड. बॉशच्या नव्या क्रमांकात उलटं आहे, आकडा लहान तितका थंड. जुन्या मायकोच्या तीन आकडी क्रमांकात परत मोठा आकडा म्हणजे थंड. बदलताना तक्ता बघूनच घ्या. फार गरम प्लगने पिस्टनला भोक पडू शकतं.

---

अक्का_कन्ना_चौक

टाकीत गंज असेल तर वरचं सगळं करूनही जेट बुजत राहणार, म्हणून तेही लिहिते. कॉक काढून भोक रबरी बुचाने बंद करा. टाकी पूर्ण रिकामी करून साबणाच्या पाण्याने धुवा, पेट्रोलचा वास जाईपर्यंत. मग लिटरला ५० ते १०० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, कोमट पाण्यात विरघळवून टाकी तोंडापर्यंत भरा. अर्धी भरली तर वरचा गंज राहतो. १२ ते २४ तास ठेवा, अधूनमधून हलवा. बाहेरच्या रंगावर आणि क्रोमवर आधी ग्रीस लावा, थेंब पडला तर डाग राहतो. ओतून टाकल्यावर लिटरला २० ग्रॅम खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा खळबळा.

यानंतर वेळ घालवायचा नाही. उघडा झालेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने, लगेच ब्लोअरने हवा मारायची आणि मे महिन्याच्या उन्हात उलटी ठेवायची. इथे तरी आपलं ऊन कामी येतं. पूर्ण कोरडी झाली की पाव लिटर पेट्रोलमध्ये ५० मिली टू-टी घालून आतून सगळीकडे फिरवा.

विजेच्या पद्धतीने, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, गंज काढणार असाल तर आतला इलेक्ट्रोड साध्या लोखंडाचाच घ्या. स्टेनलेस स्टीलचा घेतला तर पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. आणि टाकीला झाळकाम लागलं तर ते घरी नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.

---

नवा_रायडर_१३

एवढं सगळं करण्यापेक्षा प्लॅटिनम काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं तर? १२ व्होल्टही होऊन जाईल.

---

होटगीरोडकर

चांगलं किट चांगलंच चालतं, त्याला विरोध नाही. पण हवा ओढणारं सील, बुजलेलं झाकण, पातळ मिश्रण यातलं काहीच किटने सुटत नाही. दोष सापडल्यावर बसवा, दोष शोधण्यासाठी नको. प्लॅटिनमची बाजू अशी की ते रस्त्यात पॉलिश पेपरने दुरुस्त होतं. किटचा पिकअप (सेन्सर) तापून गेला तर गाडी टेम्पोतच चढते. काढलेला डायनॅमो, रेग्युलेटर, प्लेट सगळं जपून ठेवा.

गाडी ५० वर्षांवरची असेल तर आणखी एक. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी 'व्हीए' मालिकेत मिळते, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. त्यात गाडी मूळ स्वरूपात लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आणि तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हे अर्ज भरायच्या आधी लक्षात घ्या.

---

रोडकिंग_जुळे_सोलापूर

टेस्ट घेतली. २५० वरून मिनिटात ९० वर आलं. बुडबुडे डायनॅमोमागच्या सीलवर, एका बाजूला जास्त. गिअरबॉक्सच्या भोकावर पापुद्रा हलला नाही. क्रँक हाताने हलवली, ढिलेपणा नाही. फक्त ते एकच सील बदलू का दोन्ही? आणि शाफ्टवर सीलच्या जागी नखाला लागेल अशी खाच पडलीय.

---

पूर्वभागकर

दोन्ही बदला, दोघांचं वय सारखंच आहे. खाच नखाला लागते म्हणजे नवीन सीलचा ओठ त्याच खाचेत बसला तर पुन्हा गळेल. जागा असेल तर सील एक-दीड मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. आत घेताना बेअरिंगला चिकटवू नका, ऑईल जायची वाट बुजते. जागा नसेल तर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते, तिची जाडी पाव मिमीच्या आसपास असते, सील तेच चालतं. पॉलिश पेपर लावून खाच घालवायचा प्रयत्न नको, व्यास कमी होईल.

---

पाना_पक्कड

यात भर: सील बसवल्यावर ओठाला टू-टीचा थेंब द्या, कोरडं फिरवू नका. डायनॅमो लावायच्या आधी प्रेशर टेस्ट पुन्हा घ्या. मग वाढवलेला मेन जेट मूळ नंबरवर आणा, सुईची क्लिप मधल्या खाचेवर, आणि आयडलिंगचे दोन्ही स्क्रू नव्याने लावा. हवा ओढत असताना केलेलं सेटिंग आता दाट पडेल. पहिल्या पन्नास किलोमीटरला पूर्ण रेस नको. प्लगचा फोटो इथे टाका.